व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ लिहू नका : नाशिकच्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

नाशिक

सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी, निफाड आणि मालेगाव भागात दवाखाना चालवणाऱ्या सर्व डॉक्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, तेवीस वर्षं टाइम ऑफिसला होतो. मस्टर भरायचं, ओव्हरटाइमचे तास लावायचे, खाडे मांडायचे, ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याचे, कागद तयार करायचे आणि कुणाचं बोट गेलं, पाय भाजला की अपघाताच्या रजिस्टरला नोंद करायची, हे माझं काम. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. आता हे पत्र लिहायला बसलो ते एका केसपेपरमुळे आणि एका मस्टरमुळे. केसपेपर तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातचा आहे. मस्टर माझ्या हातचं.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, १९९४ साली त्याच फाउंड्रीत फेटलिंगला लागले. मीच शब्द टाकला होता. फेटलिंग म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू काढायची, आधी छिन्नी-हातोडीने, मग ग्राइंडरने कडा घासायच्या. ग्राइंडर लागला की ठिणग्या लांबूनही दिसतात. त्यांच्याबरोबर उडणारी जळक्या वाळूची भुकटी एरवी डोळ्यांना दिसत नाही. ती दिसायची पहिल्या पाळीला, पूर्वेच्या झरोक्यातून ऊन आत आलं की. उन्हाच्या त्या पट्ट्यात धूळ नुसती तरंगत असायची आणि माणसं त्यातून ये-जा करायची. सगळे तोंडाला रुमाल ओला करून बांधायचे. पाळी सुटल्यावर रुमाल सोडला की आतल्या बाजूला, नाकासमोर दोन काळे ठिपके. ताई त्यांना कपडे दारातच झटकायला लावायची. घरात बारकी पोरं होती.

२०१० सालचा तो केसपेपर माझ्यासमोर आहे. वय ४१, पुरुष. तक्रार खोकला आणि दम. खाली टीबी लिहून पुढे प्रश्नचिन्ह. आणि वर, व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द : नोकरी.

थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. थोडं बरं वाटलं, कारण त्या सहा महिन्यांतले दोन महिने ते घरीच होते. मग पुन्हा कामावर, पुन्हा खोकला. २०१२ साली दुसऱ्यांदा गोळ्या. २०१३ मध्ये सुपरवायझरने सांगितलं की दाजींना जमत नाही, फायनल हिशोब करा. तो हिशोब मीच केला. २०१७ साली मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला आणि फिल्मवरची नजर न काढता विचारलं, ‘कामाला कुठे होतात?’ सात वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. त्यांनी कागदावर सिलिकोसिस लिहिलं, म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार.

आम्ही कागद जमवून अर्ज केला. काही महिन्यांनी तो परत आला. सिलिका धुळीत काम केल्याचा पुरावा जोडलेला नाही, असा शेरा होता. पुरावा म्हणजे काय, तर तेव्हाचं मस्टर आणि तेव्हाचे केसपेपर. केसपेपरवर ‘नोकरी’. आणि मस्टरवर, एकोणीस वर्षं, दर महिन्याला, माझ्या अक्षरात, हुद्दा : हेल्पर. फेटलिंगला असलेल्या सगळ्यांचा हुद्दा मी हेल्परच लिहायचो. आधीच्या क्लार्कने तसं लिहिलं होतं, म्हणून मीही लिहिलं. २०१९ मध्ये दाजी गेले. पन्नास वर्षांचे होते.

‘नोकरी’ आणि ‘हेल्पर’ या दोन शब्दांत एका माणसाची एकोणीस वर्षं नाहीशी झाली. माझा शब्द आता मला बदलता येत नाही. तुमचा बदलता येण्यासारखा आहे, कारण तुमच्या टेबलासमोर आजही रांग आहे.

कामामुळे झालेला आजार सरकारदरबारी मान्य कसा होतो, हे मी उशिरा शिकलो. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण त्यात तुमची जागा कुठे आहे हे मलाही आधी कळलं नव्हतं. बोट तुटलं तर सगळं सोपं असतं. तारीख असते, वेळ असते, मशीन असतं, बघणारे चार जण असतात. आजाराला यातलं काहीच नसतं. तो दहा-वीस वर्षं आत साठतो आणि उगवतो तेव्हा घरीच, रात्री उशीला टेकल्यावर. म्हणून कायद्याने एक युक्ती केली : आजारांची यादी. अमुक काम आणि अमुक आजार अशी जोडी यादीत असली, की तो आजार म्हणजे कामावर झालेला अपघातच, असं कायदा धरून चालतो. १९२५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अशी पहिली यादी केली तेव्हा तिच्यात तीनच नावं होती : शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. त्या करारावर आपल्या देशाने १९२७ मध्येच मान्यतेची मोहोर उठवली.

आपल्याकडे १९२३च्या भरपाई कायद्यात आणि १९४८च्या राज्य विमा कायद्यात, दोन्हीकडे ही यादी तिसऱ्या अनुसूचीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तरी सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यवसायजन्य आजारांची यादी तिसऱ्याच अनुसूचीत आहे. तिचे तीन भाग. ‘अ’ भागात शिशाची किंवा सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा असे आजार, त्यांना कामाच्या मुदतीची अट नाही. ‘ब’ भागातल्या आजारांना सलग सहा महिन्यांच्या कामाची अट : क्रोमियम, पारा, बेंझिन, आवाजामुळे आलेला बहिरेपणा, कामामुळे जडलेला दमा, रसायनांमुळे झालेले त्वचेचे विकार. ‘क’ भागात फुप्फुसाचे मोठे आजार : सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, कठीण धातूंच्या धुळीने होणारा आजार. त्यांची मुदत सरकार किंवा राज्य विमा महामंडळ ठरवून देतं.

यातली खरी ताकद लोकांच्या लक्षात येत नाही. यादीतला आजार आणि यादीतलं काम ही दोन्ही कागदावर आली, की पुढे हा आजार कामामुळे झालेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाकडे जाते. कामगाराला विज्ञान समजावून सांगत बसावं लागत नाही. पण दोन्ही कागदावर यायला हवीत. आजार तुम्ही लिहिता. काम लिहायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. ‘क’ भागात सिलिकोसिसच्या शेजारीच सिलिको-ट्युबरक्युलोसिस असं स्वतंत्र लिहिलेलं आहे. सिलिकाने पोखरलेल्या फुप्फुसात टीबी लवकर शिरतो हे तुम्हाला मी काय सांगणार. कायदा म्हणतो, माणूस अपंग होण्यामागे किंवा जाण्यामागे सिलिकोसिस हा मुख्य घटक असेल तर टीबी असला तरी भरपाई आहे. म्हणजे दाजींना खरंच टीबी झाला असता, तरी दार बंद नव्हतं. केसपेपरवर टीबीच्या शेजारी ‘फाउंड्री’ हा शब्द असता, तर पुढच्या डॉक्टरने फिल्म दुसऱ्या नजरेने पाहिली असती.

पैशांचंही बोलतो, कारण घर त्यावर चालतं. महिना पंधरा हजार पगाराचा माणूस धरा. नुसता आजारी असेल तर ईएसआय पगाराच्या ७० टक्के देतं, म्हणजे साडेदहा हजार, आणि तेही वर्षात ९१ दिवस. टीबीसारख्या दीर्घ आजाराला ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्याला आधीच्या वर्गणीच्या अटी आहेत. कामामुळे झालेला आजार मान्य झाला, की तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के, म्हणजे साडेतेरा हजार, आणि माणूस कामाला नालायक असेपर्यंत. वर्गणीची अट नाही. कायमचं नुकसान झालं तर वैद्यकीय मंडळ कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. समजा ४० टक्के ठरली, तर साडेतेरा हजारांच्या ४० टक्के, म्हणजे ५,४०० रुपये दर महिन्याला, हयातभर. आणि माणूस गेला तर त्या पूर्ण दरातून विधवेला तीन पंचमांश आणि प्रत्येक मुलाला दोन पंचमांश वाट्याने, एकूण रक्कम पूर्ण दराच्या वर जाणार नाही अशा बेताने. आमची ताई आज शिवणकाम करते. तिच्या दोन्ही पोरांची शिक्षणं अर्धवट राहिली. केसपेपरवरचा तो रकाना भरायला किती वेळ लागला असता, हे मी मनात कितीतरी वेळा मोजलं आहे.

आता तुमच्या जागेबद्दल. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ८९ होतं. ते कलम मालकाला तर सांगायचंच, पण डॉक्टरलाही सांगायचं. कारखान्यात काम करणारा किंवा पूर्वी करत असलेला माणूस तुमच्याकडे आला आणि त्याला अनुसूचीतला आजार आहे असं तुम्हाला वाटलं, तर तुम्ही विनाविलंब मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. काय कळवायचं? रोग्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, आजार कोणता वाटतो ते, आणि शेवटचा कारखाना कोणता ते. बास. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १२ मध्येही डॉक्टरवरचं हे कर्तव्य कायम आहे. आपल्या राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

त्या कलमातल्या दोन शब्दयोजना मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक, ‘पूर्वी काम करत असलेला’. निवृत्त झालेला, काढून टाकलेला, गावी परत गेलेला, सगळे त्यात आले. दुसरी, ‘आहे असं वाटणारा’. पुरावा मागितलेला नाही. बायोप्सी मागितलेली नाही. तुमचा प्रामाणिक संशय पुरेसा आहे, खात्री करणं पुढच्यांचं काम. जुन्या कायद्यात तर अशीही तरतूद होती की प्रमाणक शल्यचिकित्सकाने, म्हणजे कारखान्यांसाठी सरकारने नेमलेल्या डॉक्टरने, आजार पक्का केला, तर कळवणाऱ्या डॉक्टरला ठरलेली फी द्यायची आणि ती कारखान्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची. इतका विचार करून ठेवलेला होता.

माझ्या तेवीस वर्षांत अपघाताचं रजिस्टर चार वेळा भरलं आणि चार वेळा नवीन आलं. आजाराबाबत बाहेरच्या एकाही डॉक्टरचा कागद आमच्या गेटवर आला नाही. फेटलिंगमधली किती माणसं खोकत गेली, ती मी आज बोटांवर मोजू शकतो आणि बोटं अपुरी पडतात. त्यातल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या डॉक्टरला छाती दाखवली होती.

नाशिकमधला कामगार एका साच्याचा नाही, म्हणून थोडं आपल्या भागाचं बोलतो. फाउंड्रीत फक्त फेटलिंगवालाच धूळ खातो असं नाही. साचे फोडणारा नॉकआउटचा माणूस, शॉट ब्लास्टिंगवाला, आणि भट्टीचं अस्तर फोडून नवीन रॅमिंग मास ठोकणारा. त्या अस्तराची पांढरी पूड म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ. हा अस्तरवाला बहुधा ठेकेदाराचा असतो, चार कंपन्या फिरतो, आणि विचारलं तर ‘भट्टीवर आहे’ एवढंच सांगतो. भट्टीवर काय करतोस, हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय धूळ बाहेर येत नाही.

सातपूर-अंबडच्या गल्ल्यांत प्लेटिंगची लहान लहान युनिटं आहेत. क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर वर्षानुवर्षं उभ्या माणसाच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं आणि बहुतेक वेळा ते दुखत नाही, म्हणून तो सांगत नाही. तो तुमच्याकडे सर्दी म्हणून येतो. टूल रूममध्ये कार्बाइडच्या टूलला धार लावणारे आहेत, त्यांच्या छातीत कोबाल्ट जातो आणि वर्षानुवर्षं तो दमा समजला जातो. प्रेस शॉपमधला माणूस बायकोवर ओरडतो म्हणून त्याचं घरात वाजतं. त्याला ऐकू येत नाही हे त्यालाच माहीत नसतं. हे सगळे आजार यादीत आहेत.

मालेगावच्या डॉक्टरांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. कापसाच्या धुळीच्या आजाराबद्दल पुस्तकात सोमवारचा दम लिहिलेला असतो. रविवारची सुट्टी झाली, सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, आणि आठवडाभरात जरा सैल होते. पण मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात. तिथला सोमवार शनिवारी येतो. पिंजण आणि कताईइतकी धूळ मागावर नसते, तरी असते. तेव्हा विणकराला विचाराल तर असं विचारा, की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती कशी असते.

आणि द्राक्षबागा. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे ब्लोअरच्या ट्रॅक्टरवर बसून फवारणी करणारा पोरगा चक्कर, घाम, उलटी घेऊन येतो. सलाईन लागतं, संध्याकाळी घरी जातो. केसपेपरवर गॅस्ट्रो लिहिलं जातं. सेंद्रिय फॉस्फरसची विषबाधा यादीच्या ‘अ’ भागात आहे. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी त्याच वेळी झाली तर झाली, आठवड्याने तिचा पुरावा पुसट होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला पेस्ट लावणाऱ्या बायकांच्या हाताला फोड येतात, कातडं निघतं. ती ‘अ‍ॅलर्जी’ कशाची, हे त्या कागदावर यायला हवं. शेतमजुराला या कायद्यांचं छत्र मिळवून देणं हा वेगळा झगडा आहे आणि फार अवघड आहे. पण ज्या दिवशी कुणी तो झगडेल, त्या दिवशी त्याच्या हातात तुमचा कागद असला पाहिजे.

वेळेची अडचण सगळ्यात वाईट. १९२३च्या कायद्याच्या दहाव्या कलमात असं होतं की काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत आजाराची लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरायचा. आता सिलिकोसिसला दोन वर्षं म्हणजे काय? तो वीस वर्षांनी दिसतो. मुदतीची ही अट बदलायलाच हवी आणि ते सरकारचं काम आहे. पण ती बदलेपर्यंत ‘लक्षणं पहिल्यांदा कधी आढळली’ या प्रश्नाचं उत्तर कुठे असतं? तुमच्या केसपेपरवर असतं. कामावर असताना आलेला पहिला खोकला, पहिला दम, त्याची तारीख आणि त्याखाली कामाचं नाव. दाजींचा २०१० सालचा कागद ते काम करू शकला असता. तेव्हा ते रोज कामाला जात होते.

कंपनीच्या कागदांवर विसंबू नका, हे मी आतल्या माणसाच्या अनुभवाने सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला, त्यात कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपायला सांगितलं. तो निकाल एका उद्योगाचा होता, आमच्यासारख्यांनी तो वाचलाही नाही. आमच्याकडची जुनी मस्टरं एका दिवाळीच्या साफसफाईत गोण्यांत भरून रद्दीत गेली. काट्यावर वजन करून मीच दिली. वर ठेकेदार बदलला की नवा विमा नंबर निघायचा. नियमाप्रमाणे एका माणसाचा आयुष्यभर एकच नंबर असायला हवा, पण दाजींचे तीन होते. माणूस तोच, फेटलिंगची जागा तीच, कागदावर मात्र तीन वेगवेगळे हेल्पर.

यादीबाहेरच्यांचं थोडक्यात सांगतो. वीस वर्षं वजन उचलून कंबर गेलेला, मशीनच्या एकाच हालचालीने मनगट आणि खांदा निकामी झालेला कामगार आपल्या यादीत नाही. यादीत नसलेला आजार एखाद्या ठरावीक अपघातामुळेच झाला हे दाखवावं लागतं, आणि झिजण्याला तसा अपघात नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० सालच्या यादीत हे हाडा-स्नायूंचे आजार आहेत, मानसिक आजारही आहेत, शिवाय प्रत्येक गटाच्या शेवटी एक उघडं कलम आहे : यादीत नाव नसलं तरी कामाचा थेट संबंध शास्त्राने दिसत असेल तर मान्य करा. आपली यादी बंद आहे. तिच्यात भर घालायचा मार्ग मात्र १९२३ पासून होता. तीन महिन्यांची सूचना देऊन राज्य सरकारला राजपत्रात नवीन काम आणि त्याचे आजार जोडता येत. पण सरकार ते कशाच्या जोरावर करणार? मंत्रालयात फाईल गेली की पहिला प्रश्न येतो, असे रुग्ण किती. नोंदच नसेल तर आकडा शून्य येतो आणि शून्यावर कुणी राजपत्र काढत नाही. राजस्थानात २०१९ साली न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे सिलिकोसिससारख्या धुळीच्या फुप्फुसविकारांचं, धोरण आलं, प्रमाणपत्र मिळालेल्या कामगाराला तीन लाख आणि मृत्यूनंतर घरच्यांना दोन लाख. तिथेही सगळं उभं आहे ते डॉक्टरांच्या मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रावर.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. ईएसआयच्या दवाखान्यात सकाळी गेलो की जिन्यापर्यंत रांग असते, एका माणसाला दोन मिनिटं मिळतात. खासगी दवाखान्यात तेच कारखाने वार्षिक तपासणीचं काम देतात, त्यांच्याविरुद्ध कागद लिहायला हात कचरतो. कोर्टात साक्षीला जावं लागेल ही धास्ती असते. आणि कामगार स्वतःच म्हणतो, साहेब कंपनीचं नाव लिहू नका, ब्रेक मिळेल, म्हणजे काम सुटेल. हे शेवटचं सगळ्यात खरं आहे. दाजीही असंच म्हणाले असतील, मला माहीत आहे. त्याला असं सांगता येईल की हा कागद तुझ्याजवळच राहणार आहे, कंपनीला मी फोन करत नाही. निरीक्षकांना कळवणं ही पुढची पायरी आहे आणि ती कायद्याने तुमच्यावर आहे. पण त्याआधीची पायरी, नुसतं लिहून ठेवणं, याला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाची नोकरी जात नाही.

म्हणून मागणं लहान आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’, ‘सर्व्हिस’, ‘लेबर’, ‘मजुरी’ हे शब्द लिहू नका. त्या जागी हाताचं काम लिहा : फेटलिंग, अस्तर, क्रोम प्लेटिंग, कार्बाइड ग्राइंडिंग, माग, फवारणी. किती वर्षं, तो आकडा लिहा. आधी कुठे होता, तेही विचारा, कारण वीस वर्षांपूर्वीचं काम आज छातीत असतं. खोकला दोन आठवड्यांवर गेलेल्या आणि थुंकीत काही न सापडलेल्या कामगाराला टीबीच्या दुसऱ्या कोर्सला पाठवण्याआधी फिल्म एकदा या नजरेने बघा. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनींनी १७०० सालीच वैद्यांना सांगितलं होतं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्याचा धंदा कोणता हाही प्रश्न घाला. तुम्ही ते नाव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात परीक्षेपुरतं पाठ केलंत. राज्यभरातल्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे म्हसरूळला, आपल्या गावात आहे. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या, शिकवणाऱ्या मंडळींनी हे पत्र वाचलं तर त्यांनाही विनंती आहे, मुलांना एक दिवस वर्गाबाहेर काढून पहिल्या पाळीला फाउंड्रीत न्या. ऊन आत आलं की दाखवा.

माझ्याकडून होईल तेवढं मी करतो आहे. आमच्या फाउंड्रीतला जुना माणूस भेटला की मी त्याला लेखी देतो : हे अमुक साल ते अमुक साल फेटलिंगला किंवा अस्तराला होते, मी टाइम ऑफिसला होतो, मी पाहिलं आहे. खाली सही करतो. त्याला कायद्याच्या दृष्टीने किती वजन आहे मला ठाऊक नाही. हेल्पर लिहिलेल्या हातानेच ते दुरुस्त करावं एवढं मला वाटतं.

गेल्या महिन्यात पवननगरमधल्या एका मुलाला घेऊन तुमच्यापैकी एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. दाजींच्या वेळचा त्याचा बाप, आता तो त्याच कामाला. महिनाभर कोरडा खोकला. बाईंनी छाती ऐकली, मग पेन थांबवून विचारलं, ‘काम काय करतोस?’ तो म्हणाला, ‘कंपनीत.’ त्यांनी पुन्हा विचारलं, ‘कंपनीत हाताने काय करतोस?’ मुलाने दोन्ही हात पुढे धरून ग्राइंडर कसा धरतो ते दाखवलं. बाईंनी रकान्यात लिहिलं : फाउंड्री, फेटलिंग, ७ वर्षे, वाळूची धूळ. खाली एक्स-रे. बाहेर आल्यावर मी त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक त्याच्या आईकडे दिली, एक माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टाइमकीपर
सिडको, नाशिक